दहा बाय सहाच्या घोरपडेताई

गेल्या महिन्यात आमच्या केंद्रात एक नवी मुलगी रुजू झाली. पहिल्या दिवशी मी तिला मुरारच्या बाजूच्या एका विहिरीच्या नोंदी दिल्या आणि म्हटलं, याचा ग्राफ काढून दाखव. तिने नोटबुक उघडलं, दोन ओळी लिहिल्या आणि खाली ग्राफ उमटला. मोकळा, वाचता येणारा, आडव्या पानावर बरोबर बसणारा. ती पडद्याजवळ वाकली आणि म्हणाली, "मॅम, साइज़ तो मैंने दिया ही नहीं था। ये अपने आप इतना ठीक कैसे आ गया?"

"अपने आप नहीं आया," मी म्हटलं. "घोरपडेताई का दिया हुआ है."

"वो कहाँ बैठती हैं?"

ताईंना जाऊन दीड वर्ष झालं. जेवणाच्या सुट्टीत मी तिला थोडंफार सांगितलं, पण डबा संपेपर्यंत सांगून होईल एवढ्या लहान घोरपडेताई नव्हत्या.

आमचं केंद्र सिटी सेंटर भागात, एका बँकेच्या वरच्या मजल्यावर आहे. ग्वाल्हेर आणि आसपासच्या विहिरी आणि बोअर यांचं पाणी किती खोल आहे ते दर महिन्याला मोजायचं, त्याचे ग्राफ काढायचे आणि ज्यांना निर्णय घ्यायचे असतात त्यांना अहवाल द्यायचे, हे आमचं काम. आम्ही सगळे नोटबुकांत काम करतो. नोटबुक म्हणजे कागदाची वही नव्हे. संगणकावरचं एक लांब पान असतं, त्यात एका चौकटीत आज्ञा लिहायची आणि तिचं उत्तर, तक्ता असो की ग्राफ, लगेच तिच्याखाली येतं. प्रत्येकाची नोटबुकं वेगळी. माझी पन्नासेक असतील, अंकितची त्याहून जास्त.

ताई आमच्याकडे आल्या तेव्हा बावन्न वर्षांच्या होत्या. त्याआधी त्यांनी अर्धं आयुष्य जमिनीचं मोजमाप करणाऱ्या एका कंपनीत नकाशे काढले होते. हाताने, ट्रेसिंग कागदावर, शाईच्या पेनाने. तिथे त्यांच्या हुद्द्याला नक्शानवीस म्हणत आणि ताईंना तो शब्द फार आवडायचा. हाताने नकाशे काढणं बंद झालं तसा त्यांचा विभागही बंद झाला. आमच्या संचालकांनी, म्हणजे सक्सेना सरांनी, त्यांना अहवालाची पानं नीट लावायला म्हणून घेतलं. पानं लावायला, एवढंच. पुढे काय होणार आहे ते सरांना माहीत असतं तर त्यांनी घेतलं असतं की नाही, कोण जाणे.

बुटक्या, रुंद, कडक इस्त्रीच्या सुती साडीतल्या. साडीचा पदर खोचलेला, चष्मा गळ्यात दोरीने अडकवलेला. रोज शिंदे की छावनीतून स्कूटरवर यायच्या आणि हेल्मेट टेबलावर उलटं ठेवून त्यात आपला रुमाल, किल्ल्या आणि संत्री ठेवायच्या. आवाज खणखणीत. त्यांचे पणजोबा फौजेत होते, आजोबाही फौजेत. ताई म्हणायच्या, "आमच्या घरात कुणाला हळू बोलणं शिकवलंच नाही गं. मैदानात ऐकू जायला हवं ना!" आमच्या अठरा बाय वीसच्या खोलीत त्यांचं बोलणं खरोखरच मैदानातल्यासारखं ऐकू यायचं.

त्यांची मराठी आमच्या सगळ्यांसारखीच होती, म्हणजे अर्धी दख्खनची आणि अर्धी इथली. "आधी" म्हणायचं तिथे "पहिले" म्हणायच्या, रागावल्या की पूर्ण हिंदीत जायच्या आणि राग उतरला की मराठीत परत यायच्या. त्यामुळे त्यांचा मूड समजायला तोंडाकडे पाहावं लागत नसे.

आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी पहिला धक्का दिला. अंकित श्रीवास्तव, आमच्यातला सगळ्यात हुशार आणि सगळ्यात घाईचा माणूस, एका ग्राफवर काम करत होता. ताई मागून आल्या, पर्समधून स्टीलची पट्टी काढली आणि त्याच्या पडद्याला लावली.

"अरे मॅडम! ये क्या कर रही हैं? स्क्रीन पे स्केल थोड़ी लगाते हैं!"

"नऊ इंच दोन सूत," ताई म्हणाल्या, म्हणजे सव्वानऊ इंच. मग माझ्या टेबलाशी आल्या आणि माझ्या पडद्याला पट्टी लावली. "सहा इंच. अपर्णा, ही विहीर कुठली?"

"बहोडापूरची."

"आणि अंकितची?"

"वही," अंकित म्हणाला. "बहोड़ापुर."

"मग? विहीर एक, साल एक, आणि इथे ती इतकी आणि तिथे तितकी. उद्या दोन्ही पानं एका टेबलावर ठेवली तर बघणाऱ्याने कशावर भरवसा ठेवायचा?"

आम्ही हसलो. मी पण हसले, हे कबूल करते. ताईंनी हसणं मनावर घेतलं नाही. त्यांनी त्या वर्षाचा सगळा अहवाल छापून घेतला, दोन दिवस पट्टी घेऊन बसल्या आणि प्रत्येक ग्राफखाली पेन्सिलीने त्याची लांबी-रुंदी लिहिली. एकाचं माप दुसऱ्याशी जुळत नव्हतं. कारण साधं होतं. आमच्यातला प्रत्येकजण आपल्या नोटबुकाच्या सुरुवातीला ग्राफचं माप स्वतःच्या डोळ्याने लिहायचा, किंवा लिहायचाच नाही आणि यंत्र जे देईल ते घ्यायचा.

"नकाशात असं चालत नसे," ताई म्हणाल्या. "पहिले कागद ठरायचा, मग रेघ."

त्यांना संगणकावर टाइप करता यायचं, त्यापलीकडे काही नाही. त्या शिकल्या. शिकल्या म्हणजे कशा, तर लांब कागदी वहीत एक-एक आज्ञा हाताने उतरवून, तिच्याखाली मराठीत अर्थ लिहून. अंकितला दिवसातून दहा वेळा बोलवायच्या. तो वैतागायचा, पण जायचा, कारण प्रश्नाच्या आधी संत्र्याची फोड मिळायची. तीन महिन्यांनी त्या स्वतःची नोटबुकं चालवू लागल्या. सहा महिन्यांनी त्यांनी आम्हाला माहीत नसलेली एक गोष्ट शोधून काढली.

आमच्या सामाईक यंत्रावर एक छोटी फाइल ठेवता येते. कुणीही कुठलंही नोटबुक उघडलं की यंत्र पहिले ती फाइल वाचतं. त्यात ग्राफचं माप एकदा लिहिलं की ते सगळ्यांच्या सगळ्या नोटबुकांना लागू होतं, कुणाला काही लिहावं लागत नाही. ताईंनी त्यात लिहिलं: दहा इंच रुंद, सहा इंच उंच. आडव्या छापील पानावर एवढा ग्राफ बसतो आणि कागदी फायलीत लावायची भोकं पाडायला डावीकडे जागाही उरते, हे त्यांनी कागद दुमडून दुमडून ठरवलं होतं. सोबत विहिरींसाठी आणखी एक ठराव, फाइलबाहेरचा, प्रत्येकाने स्वतः पाळायचा: खोलीच्या एका मीटरला प्रत्येक ग्राफात सारखीच जागा मिळणार. फाइलमधल्या ओळीच्या वर त्यांनी तारीख घातली आणि हिंदीत एक सूचना लिहिली. बदलना हो तो बदलिए, पर नीचे एक पंक्ति में कारण लिखिए.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंकितची किंकाळी ऐकू आली. "मॅडम! मेरे सारे ग्राफ़ छोटे हो गए!"

"छोटे नाही झाले. बरोबर झाले."

"पर मुझे बड़े चाहिए! मेरी नोटबुक, मेरी मर्ज़ी!"

ताई हिंदीत गेल्या. "तो बड़ा करो ना बेटा, किसने रोका? एक लाइन लिखो और बड़ा कर लो। बस उसके नीचे लिख दो कि क्यों। कारण है तो लिखने में क्या तकलीफ़? और कारण नहीं है, तो बड़ा क्यों चाहिए?"

अंकित बराच वेळ विचार करत होता. मग त्याने कारण लिहिलं: "मुझे अच्छा लगता है।" ताईंनी ते वाचलं आणि मान डोलावली. "चलेल. खरं लिहिलंय."

मला वाटलं होतं की झालं, आता ताईंचं समाधान होईल. पण चारच दिवसांत त्या पुन्हा पट्टी घेऊन फिरत होत्या. फाइलमध्ये दहा बाय सहा लिहिलेलं असूनही पडद्यावर दोन ग्राफ सारखे येत नव्हते. फरक एक-दोन सुताचा. अंकित म्हणाला, तुमची पट्टी हलते. मी म्हटलं, ताई, एवढ्याने काय होतं. सर म्हणाले, घोरपडे जी, और भी काम हैं. चार दिवस त्या त्यातच होत्या. जेवताना डब्याच्या झाकणावर बोटाने चौकोन काढायच्या.

पाचव्या दिवशी त्या माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. "सापडलं. यंत्र चौकट बरोबर काढतं गं. पण दाखवताना भोवतीचा पांढरा कागद कापून टाकतं. कुणाचे कडेचे आकडे लांब तर कमी कापतं, कुणाचे छोटे तर जास्त. म्हणून फरक."

अंकितने खुर्ची ओढली, दहा मिनिटं शोधाशोध केली आणि मागे रेलला. ताई बरोबर होत्या. ग्राफ दाखवताना कडेचा रिकामा भाग छाटायची यंत्राची सवय होती आणि इतकी वर्षं आमच्यातल्या कुणालाही ती दिसली नव्हती, कारण पडद्याला पट्टी लावायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती छाटणी कशी बंद करायची ते अंकितने शोधलं आणि फाइलमध्ये दुसरी ओळ आली. त्या दिवशीपासून त्याने ताईंना मॅडम म्हणणं सोडलं. गुरुजी म्हणायला लागला. ताई म्हणायच्या, "गुरुजी काय रे, मला काय मिशा आहेत?" पण आवडायचं त्यांना.

एवढ्या काटेकोर बाईचं घर कसं असेल, याची मला उत्सुकता होती. एका रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. छावनीतल्या गल्लीत, एका शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. दारातच चपलांचा ढीग. भिंतीवर त्यांच्या मुलीचे फोटो, सगळे वाकडे. पोळ्या वाढल्या त्या एक ताटाएवढी, दुसरी बशीएवढी, तिसरीला कोपरा. माझं तोंड पाहून ताई हसत सुटल्या.

"काय बघतेस? इथे कोण कुणाशी तुलना करणार आहे? पोळी खायची असते. माप तिथे लागतं, जिथे दोन गोष्टी शेजारी ठेवून कुणाचं तरी भलं-बुरं ठरतं. बाकी आयुष्यभर माणसाने पट्टी घेऊन फिरावं काय? वेडी कुठली!"

त्यांचे यजमान लवकर गेले होते. मुलगी भोपाळला शिक्षिका. एकट्या राहायच्या, पण त्यांच्या घरी एकटेपण दिसलं नाही. मी असताना तासाभरात गल्लीतल्या तीन बायका येऊन गेल्या. एकीला वीज बिलावरचा ग्राफ समजावून हवा होता.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसले, ती सांगते. ती सांगताना मला आजही स्वतःची लाज वाटते आणि ताईंचा अभिमान वाटतो, दोन्ही एकदम.

बिड़ला नगरमध्ये गिरणी कामगारांच्या जुन्या चाळी आहेत. गिरणी केव्हाच बंद पडली, पण घरं आहेत, माणसं आहेत. त्यातल्या एका ओळीतली साठेक घरं एका बोअरवर पाणी भरतात. शेजारच्या मोकळ्या जागेवर मोठ्या इमारती बांधायचा बेत एका बिल्डरने केला आणि दोन खोल बोअर खोदायची परवानगी मागितली. परवानगी देणाऱ्या समितीने आमच्या केंद्राकडून आसपासच्या पाच बोअरचा अहवाल मागवला. आजूबाजूचं पाणी टिकून असेल तर खोदू द्यायचं, असा विचार होता.

पाचांपैकी चार ग्राफ अंकितने केले, ठरलेल्या मापात. चाळीच्या बोअरचा मी केला. पहिल्या पानावर शीर्षकाखाली एक लांब पट्टी छान दिसेल, असं माझ्या मनात आलं. मी माझ्या नोटबुकात एक ओळ घातली, चौदा बाय तीन. कारण लिहिलं नाही. छापताना ती पट्टी जराशी लहान होऊन पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत मस्त बसली. ताई तेव्हा मुलीच्या बाळंतपणासाठी भोपाळला होत्या. समितीच्या बैठकीत अध्यक्षांनी पहिलं पान पाहिलं आणि म्हणाले, "ये तो लगभग सीधी लाइन है। पानी टिका हुआ है।" परवानगीला कुणी हरकत घेतली नाही. लेखी आदेश पुढच्या बैठकीत निघायचा होता.

ताई परतल्या आणि आल्या आल्या मागच्या महिन्याची नोटबुकं तपासायला बसल्या. हे काम त्यांना कुणी दिलं नव्हतं. ठरलेलं माप कुणी बदललंय का आणि कारण लिहिलंय का, तेवढं पाहायच्या. दुपारी त्यांनी हाक मारली.

"अपर्णा, हे चौदा बाय तीन का?"

"पानावर छान बसत होतं, ताई."

त्यांनी माझी ओळ काढली आणि नोटबुक पुन्हा चालवलं. ग्राफ उभा राहिला. जी रेघ मी महिनाभर सपाट पाहत होते ती पायऱ्या उतरल्यासारखी खाली चालली होती. प्रत्येक उन्हाळ्यात खाली आणि पावसाळ्यानंतर पूर्वीइतकी वर नाही.

"आकडे मी चुकवले नाहीत," मी म्हटलं.

"नाही चुकवले. मी जुळवलेत." मग त्या उठल्या. "चल, सरांकडे."

सर ऐकून घेत होते आणि त्यांचा चेहरा उतरत होता. शेवटी म्हणाले, "आँकड़े तो सही थे ना? रिपोर्ट में टेबल भी लगी है। अब दोबारा जाएँगे तो लोग कहेंगे कि सेंटर को काम नहीं आता।"

"साहब, आँकड़े सही थे," ताई म्हणाल्या. "पर उन्होंने आँकड़े कहाँ देखे? तस्वीर देखी। और तस्वीर हमने दी।"

"बदनामी होगी, घोरपडे जी।"

"होगी। साठ घरों का नल सूखने से छोटी होगी।"

सरांनी समोरचा अहवाल मिटला. मग म्हणाले, "आप जाएँगी?"

"मैं ही जाऊँगी।"

बैठकीला मी त्यांच्यासोबत गेले. खोलीत समितीची माणसं, बिल्डरचा एक प्रतिनिधी आणि मागच्या बाकावर चाळीतली दहा-बारा माणसं होती, त्यांच्यात रामश्री अम्मा नावाच्या एक म्हाताऱ्या बाई. ताईंनी पाच छापील पानं आणली होती. ती टेबलावर एका ओळीत ठेवली, कडेला कडा लावून.

अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, पिछली बार तो सब ठीक था। नया डेटा आया है क्या?"

"नहीं साहब। डेटा वही है। पिछली बार एक ग्राफ़ को हमने खींचकर लंबा कर दिया था, तो ढलान दब गई। ग़लती हमारे सेंटर की है। जाँचना मेरा काम था, मैंने देर से जाँचा।"

मी मान खाली घातली. माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

बिल्डरचा माणूस हसला. हुशार होता तो. "मतलब पिछली बार आपने खींचा तो सपाट दिखा, इस बार आपने दबाया तो ढलान दिख गई। मैडम, ये तो आपके हाथ का खेल हुआ। कल तीसरा साइज़ ले आइएगा।"

खोलीत एक-दोन जण हसले. मला वाटलं, संपलं. त्याचा प्रश्न बरोबरच होता.

ताईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "बिलकुल ठीक सवाल है आपका," त्या म्हणाल्या, "और यही पूछना चाहिए। ये नाप मैंने इस बोर के लिए नहीं रखा। हमारे यहाँ के हर बोर, हर कुएँ के लिए रखा है, और तब रखा था जब आपकी बिल्डिंग का नाम भी हमने नहीं सुना था। ये देखिए, फ़ाइल में तारीख़।" त्यांनी फाइलचा छापील कागद पुढे सरकवला. "तब मुझे नहीं मालूम था कि किसका फ़ायदा होगा, किसका नुक़सान। अब बाक़ी चार देखिए। यही काग़ज़, यही नाप। चारों सपाट हैं। इसी नाप में जो सपाट है वो सपाट दिख रहा है। ये पाँचवाँ ही नीचे जा रहा है।"

अध्यक्षांनी पाचही पानं एकेक करून पाहिली. मग पुन्हा पाहिली. तेवढ्यात मागून रामश्री अम्मा उभ्या राहिल्या.

"साहब, हमारी मोटर का पाइप दो बार बढ़वाया है हमने। पिछली गर्मी में, और उससे पहले की में। हम तो कह ही रहे थे। कागज में नहीं था तो कोई माना नहीं।"

ताई त्या बाईंकडे वळल्या. मग हात जोडले.

दोन्ही बोअरची परवानगी मिळाली नाही. इमारती झाल्या, पण पाणी बाहेरून नळाने आणायची अट घालून. चाळीच्या बोअरचं पाणी पुढच्या उन्हाळ्यात आणखी थोडं उतरलं, पण मोटर चालू राहिली. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला आणि ते जिथल्या तिथे थांबलं. आजही त्या साठ घरांत त्याच बोअरचं पाणी येतं.

बाहेर आल्यावर स्कूटरपाशी मी रडले. म्हटलं, "ताई, माझं नाव का नाही घेतलं?"

"अहवालावर केंद्राचं नाव होतं, तुझं नव्हतं. आणि रडू नकोस, मला सुचत नाही काही." हेल्मेटचा पट्टा लावता लावता त्या थांबल्या. "मला दुसरंच लागलंय मनाला. ती अम्मा म्हणाली ना, पाइप दोनदा वाढवला? आपण दर महिन्याला तिथे जाऊन पाणी मोजतो आणि तिला एकदा विचारलं नाही. पुढच्या वेळी पहिले तिला विचारायचं."

तेव्हापासून आमच्या नोंदीच्या फॉर्मवर एक रकाना वाढला. पाणी भरणाऱ्यांचं काय म्हणणं आहे, तो. आणि माझ्या त्या नोटबुकात ताईंनी माझ्याकडून एक ओळ लिहून घेतली: "इथे चौदा बाय तीन होतं, कारण नव्हतं, काढलं." ती मी आजपर्यंत पुसलेली नाही.

ही हकिकत हळूहळू पसरली. सरांनी ती लपवायचा विचार केला होता, पण झालं उलटंच. जिथे जातील तिथे लोक त्यांना ती फाइल मागू लागले आणि वर्षभरात सर स्वतःच अभिमानाने सांगू लागले, "हमारे यहाँ की घोरपडे जी..." मग भोपाळहून बोलावणं आलं. पाण्यावर काम करणाऱ्या इंजिनियर लोकांसमोर ताईंनी बोलायचं होतं. ताईंनी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा मुलीने सांगितलं, नातू बघायला तर येणारच आहेस, तिकडेही जा. तेव्हा तयार झाल्या. मला सोबत घेतलं.

मोठा हॉल होता, गार हवेचा. ताईंनी पदर खोचला, माइक बाजूला केला, कारण त्यांना तो लागतच नव्हता, आणि वीस मिनिटं बोलल्या. पाच पानं भिंतीवर लावली आणि सगळी गोष्ट सांगितली, आमची चूक धरून. संपल्यावर पुढच्या रांगेतला एक तरुण इंजिनियर उभा राहिला. वाईट नव्हता बिचारा, त्याला खरंच कळत नव्हतं. "मैडम, माफ़ कीजिए, पर आपकी फ़ाइल तो कुल दो लाइन की है। इसमें इतना क्या है?"

"हाँ बेटा, दो ही लाइन की है," ताई म्हणाल्या. "लिखने में एक मिनट लगा। मनवाने में ग्यारह महीने लगे। तुम्हारे यहाँ कितने लगेंगे, मुझे चिट्ठी लिखना।"

सगळा हॉल हसला आणि मग टाळ्या वाजू लागल्या. त्या थांबेनात. मी शेवटच्या रांगेत बसले होते. उभी राहून टाळ्या वाजवत होते आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते, "हमारी हैं. ग्वालियर की हैं."

त्यानंतर ताई मुलीकडेच राहिल्या. नातू लहान, मुलीची नोकरी. फोनवर बोलणं व्हायचं. मग एका हिवाळ्यात छातीत दुखल्याचं निमित्त झालं आणि त्या गेल्या. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. त्यामुळे माझ्या डोळ्यांपुढे त्यांचं जे शेवटचं रूप आहे ते त्या भोपाळच्या दुपारचंच आहे.

कार्यक्रम संपवून मी ग्वाल्हेरच्या बसमध्ये बसले होते. ताई मला सोडायला आल्या होत्या आणि खिडकीखाली उभ्या राहून, पोचलीस की फोन कर, डब्यात लाडू आहेत ते सांडू नकोस, असं काहीबाही सांगत होत्या. तेवढ्यात हॉलमधली एक मुलगी धावत आली. तिने लॅपटॉप उघडूनच आणला होता. दम लागलेला, केस विस्कटलेले. तिला काहीतरी जमत नव्हतं आणि ताई निघून जातील या भीतीने ती रस्ता ओलांडून आली होती. ताईंनी बाजूला उभ्या असलेल्या कुणाच्या तरी मोटारसायकलच्या सीटवर तो लॅपटॉप ठेवायला लावला आणि उन्हामुळे दिसेना म्हणून स्वतःचा पदर सोडून पडद्यावर धरला.

बस सुरू झाली. मी हात हलवला. ताईंनी पाहिलं नाही. पदराखाली दोघींची डोकी एकमेकींना लागली होती, आजूबाजूला रिक्षा भोंगे वाजवत होत्या, आणि ताईंचा आवाज मला बस वळेपर्यंत ऐकू येत होता. "पहिले मला सांग, हे कुणाला दाखवायचं आहे?"